ढेकीवरचं तिसरं कडवं

मित्रांनो, मला नुसतं पडून राहता येत नाही. मी एक जुनी ढेकी आहे, धान कांडणारी. शेपटीवर बाईचा पाय पडला की माझं तोंड वर, पाय सुटला की मुसळ धाडकन उखळात. वर, खाली, वर, खाली. असा जन्म गेल्यावर स्वस्थ बसायचं कसं, तुम्हीच सांगा.

कुरखेड्याकडच्या एका मिशन दवाखान्यात सुताराने ऐनाच्या खोडातून मला घडवलं. रोग्यांच्या भातासाठी गुणाबाई माझ्यावर रोज धान कांडायची. शेजारच्या पडवीत याकोब मास्तर रविवारच्या प्रार्थनेची गाणी बसवायचे. एका परदेशी नर्सबाईच्या आजीने समुद्रकाठी रचलेलं एक गीत त्यांनी मराठीत आणलं होतं. वादळात सापडलेली होडी, खिडकीत ठेवलेला दिवा, घरी परतणारा कोळी. मास्तरांनी शब्दाला शब्द ठेवला, पण गाताना सगळ्या बाया मुक्याच.

"मास्तर, समुद्र कोणं पाह्यला जी इथी?" गुणाबाई कांडता कांडता म्हणाली. "आपल्या नदीचा पूर टाका न त्यात."

"मंग तूच सांग," मास्तर जरा फणकाऱ्यानेच म्हणाले.

तिने पाय थांबवला नाही. माझ्या ठेक्यावरच गायली:

*पल्याड थडीला उभा येसू भाऊ,*
*हातात टेंभा, नको आता भिऊ.*

देवाला भाऊ म्हणावं का, यावर मास्तर दोन दिवस कुढले. पण रविवारी साऱ्या बाया मोकळ्या गळ्याने गायल्या, आणि त्यांनी मुकाट वही उघडली. दोन कडवी उतरवली. माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू.

मग एका पावसाळ्यात गुणाबाईची लेक मनकर्णा डोंग्यातून नदी ओलांडताना वाहून गेली. त्यानंतर गुणाबाईने तिसरं कडवं बांधलं. ते तिने कुणाला ऐकवलं नाही. सकाळी एकटी कांडायला आली की हळू गायची. बायांच्या कानी नुसती गुणगुण पडायची, शब्द नाही. मला मात्र ते पाठ होतं, आणि मला तोंड असून वाचा नाही.

त्र्याऐंशी साली गावात धानाची गिरणी आली. मला उपटून स्वयंपाकघरामागे टाकलं. गुणाबाईचं कांडणं सुटलं, त्यासोबतचं गाणंही. पोटाखाली वाळवी, अंगावर कोंबड्या. तीन वर्षं मी आतल्या आत तडफडले.

शहाऐंशीच्या डिसेंबरात मास्तर धावतपळत आले. दुसऱ्या दिवशीच्या बसने ते चंद्रपूरला छापखान्यात गीतांची वही देणार होते.

"गुणाबाई, तुह्या गाण्याचं तिसरं कडवं हाये म्हणतेत. सांग, लिहून घेतो."

ती पडवीतल्या खुर्चीवर बसली. ओठ हलले, शब्द आले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, दोन कडव्यांपाशी अडली. "नाई आठवून राह्यलं जी," ती म्हणाली. लेकीची तेवढीच एक खूण होती, तीही गेली.

त्याच वेळी दवाखान्याचा गडी इतवारी कुऱ्हाड घेऊन माझ्यापाशी आला होता. सरपण हवं होतं. पहिला घाव शेपटीवर बसला. माझा जीव माझ्यासाठी नाही, त्या दोन ओळींसाठी कासावीस झाला.

घावाचा आवाज ऐकून गुणाबाई उठली. "थांब रे इतवारी. हे कुठी पडली होती इतकी वर्षं?"

तिने माझ्यावर पाय ठेवला. मी हलले नाही. खाली टेकूच नव्हता. इतवारीने फोडायला आणलेला ओंडकाच माझ्या पोटाखाली सरकवला. तिने पाय दाबला. मी करकरले, वर गेले, खाली आदळले. उखळ नव्हतं, धान नव्हतं. चौथ्या की पाचव्या ठोक्याला तिच्या तोंडून आपसूक आलं:

*वाहून गेली जे, तिलेबी धरजो,*
*ओल्या केसांवरून हात फिरवजो.*

मास्तरांनी लिहिलं आणि चष्मा काढून पुसत बसले. इतवारीने कुऱ्हाड भिंतीला टेकवली. गुणाबाई बराच वेळ रिकामंच कांडत राहिली.

आता मी प्रार्थनाघराच्या ओट्यावर बाक म्हणून असते. कुऱ्हाडीची खाच अजून आहे. रविवारी आत तिसरं कडवं सुरू झालं की म्हातारी गुणाबाई बाहेर माझ्यावर येऊन बसते. ती गात नाही, तिचा पाय फक्त हलतो. मला वर उसळावंसं वाटतं, पण बाकाला उसळता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरामागेही काहीबाही जुनं पडलं असेल. ते फोडाल तेव्हा फोडाल. आधी घरातल्या म्हातारीला त्याच्यावर एकदा पाय ठेवू द्या.