नऊ नंबरची कॉट निघत नाही

मी एक जुनी लोखंडी कॉट आहे. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात, तळमजल्यावरच्या नऊ नंबरच्या खोलीत मी वीस वर्षांपासून उभी आहे. माझा रंग पोपडे येऊन उडाला आहे. दोन पट्ट्या वाकल्या आहेत. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मला सांगायचं आहे ते नीट ऐका, एवढं पुरे.

माझा जन्म अक्कलकोट रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मल्लिनाथ नावाच्या कारागिराने अँगल कापले, पट्ट्या ठोकल्या आणि डोक्याकडे एक पत्रा बसवला. माझ्यासारख्या चाळीस जणी एका आठवड्यात तयार झाल्या. आम्हाला टेम्पोत रचून वसतिगृहात आणलं. एकोणचाळीस जणी आपापल्या खोलीत गेल्या. मी दारातच अडकले. नऊ नंबरची खोली पूर्वी धान्याची कोठी होती. तिचं दार अरुंद होतं.

कॉलेजचा फिटर हणमंत आला. नळ, पंखे, कड्या, सगळी कामं त्याचीच. त्याने मला आडवी करून पाहिलं, उभी करून पाहिलं. शेवटी त्याने मला मधोमध कापलं, दोन तुकडे आत नेले आणि खोलीतच वेल्डिंगचे टाके मारून जोडलं. ठिणग्या उडून फरशीवर काळे डाग पडले. त्याची बायको मीनाबाई वसतिगृहात सेविका होती. झाडलोट, पाणी, मुलींची दुखणीखुपणी, सगळं ती बघायची. ती दारात येऊन उभी राहिली.

"अवो, फरशीची पार वाट लावली की! हे कोण घासायचं?"

"कॉट आत आली न्हवं?"

"आली. आता भाईर कशी काढणार?"

हणमंतने तो विचारच केला नव्हता. तो दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काढायची कशाला? ऱ्हाऊ दे की हितंच."

मीनाबाई तोंडाला पदर लावून हसली. ते डाग मात्र तिने दोन दिवस घासले आणि घासताना प्रत्येक वेळी त्याचं नाव घेतलं.

माझ्यावर किती मुली झोपल्या, रडल्या, अभ्यास करत बसल्या, ते सगळं सांगत बसत नाही. एक मुलगी विद्यापीठात पहिली आली, तेव्हा रेक्टर मॅडम पाहुण्यांना खोली दाखवायच्या आणि म्हणायच्या, "ही आमची लकी कॉट." पुढे माझ्या सांध्यांत ढेकूण झाले, तेव्हा लकी कोणी म्हणेना. मीनाबाईने फटीफटीत रॉकेल सोडलं. पोटच्या पोरीच्या केसांतल्या उवा काढाव्यात तशी ती तासभर बसली होती.

मग सुकन्या आली. मित्रांनो, माझी खरी गोष्ट तिच्यापासून सुरू होते.

सुकन्या मेंढपाळाच्या घरातली. सांगोल्याकडचं गाव. गावात एक खोली, तीही कुलूप लावलेली, कारण तिचे आईबाप वर्षातले आठ महिने मेंढरांमागे असत. तिची आई मायाक्का तिला सोडायला आली होती. ती माझ्यावर बसली नाही, हाताने दाबून पाहिलं आणि खाली फरशीवर बसली. जाताना मीनाबाईचा हात धरून म्हणाली, "ताई, पोरगी तुमच्या पदरात घातली बगा."

"घातली तर घातली," मीनाबाई म्हणाली, "आता परत मागू नका."

दोघी हसल्या. पण मीनाबाईने ते हसण्यावारी नेलं नव्हतं.

सुकन्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा ती साथ आली. मार्च महिना होता. सकाळी फळ्यावर नोटीस लागली की उद्या पाच वाजेपर्यंत वसतिगृह रिकामं करावं आणि सर्व विद्यार्थिनींनी आपापल्या घरी जावं. नोटीस चार ओळींची होती. दुपारपासून मोटारसायकली यायला लागल्या. टेंभुर्णीची मुलगी गेली, श्रीपूरची गेली. बादल्या, गाद्या, पुस्तकांची पोती बाहेर निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सदतीस मुली गेल्या होत्या. दोघींचे बाप वाटेत होते. राहिली सुकन्या.

तिच्या वडिलांचा, बिरप्पाचा, फोन लागत नव्हता. मेंढरं घाटाखाली कोकणात गेली होती. डोंगरात रेंज आली की तेच फोन करायचे. तोपर्यंत ते कुठे आहेत हे कोणालाही माहीत नसायचं.

तीन वाजता ऑफिसचा क्लार्क संगमेश कागदांची फाइल घेऊन खोलीच्या दारात आला. तोंडाला रुमाल बांधला होता.

"मीनामावशी, हिचं अजून आवरलं न्हाय?"

"कुटं जाईल ती? आईबाप हितं न्हाईत."

"लई अवघड करू नका. हिला तर काळजीच न्हाय. फॉर्मवर काय लिव्हलंय बगा, 'सध्या राहणार : वाडा'. अवो, वाड्यात ऱ्हाणारी माणसं! हिला चौदा दिवस वेगळी खोली मिळंल. आमी दोन खोल्यांत सात जण हाय, आमाला कोण इचारतंय?"

सुकन्या एकदम हसली.

"सर, आमचा वाडा चालतो."

"चालतो म्हंजे?"

"पायांनी चालतो. चारशे मेंढरं, दोन घोडी, चार कुत्री आणि आमची तीन घरची माणसं. आमच्यात त्यालाच वाडा म्हणतात. जिथं मुक्काम पडंल तिथं जाळी लावायची, मेंढरं आत, आमी भाईर."

संगमेशने फॉर्मकडे पाहिलं. त्याने त्या ओळीपुढे 'स्वतंत्र खोलीची सोय आहे' अशी खूण आधीच केली होती. तीन वर्षं तो कागद कपाटात होता आणि त्या शब्दाचा अर्थ तिला कोणी विचारला नव्हता.

तेवढ्यात हणमंत दोन हमालांना घेऊन आला. सरकारी विलगीकरण केंद्रासाठी आमच्या सगळ्या कॉट हव्या होत्या. ट्रक फाटकात उभा होता. माझ्या बहिणी एकेक करून बाहेर गेल्या आणि त्या चांगल्या कामाला गेल्या, हे मी आजही अभिमानाने सांगते. शेवटी हमाल माझ्याकडे आले. त्यांनी मला उचललं, आडवं केलं, उभं केलं. दाराशी ठोकर लागली. पुन्हा फिरवलं, पुन्हा ठोकर.

"हणमंतमामा, ही आत घातली कुणी?" एक हमाल घाम पुसत म्हणाला.

हणमंत खाली बघायला लागला. मीनाबाई मात्र आत आली, मला जागेवर ठेवायला लावलं आणि सुकन्याचा हात धरून तिला माझ्यावर बसवलं. स्वतः शेजारी बसली.

"सांगा साहेबांना," ती म्हणाली, "नऊ नंबरची कॉट निघत न्हाय. तिच्यावरची पोरगी बी निघत न्हाय."

दहा मिनिटांत प्राचार्य आले. त्यांच्या मागे रेक्टर मॅडम. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्या दिवसांत सगळेच घाबरलेले होते.

"मीनाबाई, एका मुलीसाठी मी वसतिगृह उघडं ठेवू? उद्या हिला काही झालं तर कोण जबाबदार?"

"आन् रस्त्यात झालं तर, सर?"

"वरून आदेश आहे. रिकामं करायचं म्हणजे करायचं."

"आदेशात काय लिव्हलंय? घरी जावा. बरोबर हाय. हिला घरी न्यायला मी तयार हाय. पायी नीन. घर कुटं हाय ते सांगा."

रेक्टर मॅडम पुढे झाल्या. "असं बोलून चालत नाही. तुम्हाला ती ठेवायचीच असेल तर लेखी द्या की जबाबदारी तुमची."

मला वाटलं, आता मीनाबाई उठेल. लेखी म्हटलं की भलेभले उठतात. ती सात बुकं शिकलेली, पोटासाठी नोकरी करणारी बाई. नवराही त्याच कॉलेजात. हणमंत दारातून तिला डोळ्यांनी खुणावत होता की उठ, जाऊ दे. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"देते की," ती म्हणाली. "संगमेश, काढा कागद. मी, मीना हणमंत, ही पोरगी माझ्याजवळ ठेवून घेते, तिच्या खाण्यापिण्याची आन् जिवाची जबाबदारी माझी. लिव्हा. खाली सही करते."

संगमेशने लिहिलं. तिने माझ्या पत्र्यावर कागद ठेवून सही केली. मग कागद परत दिला नाही.

"आता दुसरा कागद काढा. त्यावर तुमी लिव्हा. आमी, कॉलेज, ही पोरगी आज पाच वाजता अमुक ठिकाणी धाडतोय. गाव लिव्हा, घर लिव्हा, दार कोण उघडणार त्याचं नाव लिव्हा. खाली सरांची सही. मग दोनी कागद जोडून फाइलला लावा. माझी सही फुकट हाय व्हय?"

संगमेशने कोरा कागद घेतला, तारीख टाकली, 'विद्यार्थिनीस' असं लिहिलं आणि पेन थांबलं. त्याने प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी रेक्टर मॅडमकडे पाहिलं.

"सर," संगमेश हळू आवाजात म्हणाला, "काय लिहू?"

प्राचार्यांनी तो कागद संगमेशच्या हातातून घेतला, घडी घालून खिशात ठेवला. "मागच्या दाराची चावी मीनाबाईंकडे राहू दे," असं म्हणून ते गेले. पाच वाजले. फाटकाला कुलूप लागलं. आम्ही आतच होतो.

त्यानंतरचे अडीच महिने वसतिगृहात माझ्याशिवाय एकही कॉट नव्हती. मेस बंद होती. मीनाबाई मागच्या खोलीत भाकरी थापायची आणि खिडकीतून सुकन्याला ताट द्यायची. हणमंतने पोरीसाठी पंखा दुरुस्त केला आणि रोज कुरकुर केली. "कॉलेजला फिटर लागतो का वकील, तेच कळंना झालंय," म्हणायचा. पण बायकोकडे बघताना त्याचा चेहरा वेगळाच असायचा. आठवड्यातून एकदा डोंगरावर चढून मायाक्का फोन करायची. रेंज जायच्या आत दोनच वाक्यं व्हायची. "जेवलीस का?" आणि "ताई हाईत का जवळ?"

जूनच्या सुरुवातीला बिरप्पा आला. वाडा घाट चढून वर आला होता. तो अंगणात लांब उभा राहिला, जवळ येईना. बगलेत एक कोकरू होतं.

"ताई, आमच्याकडं द्यायला दुसरं काय न्हाय," तो म्हणाला.

"अवो बाबा, हे हितं कुटं बांदू?"

"बांद की कॉटला," हणमंत मागून म्हणाला. "ती काय हलत न्हाय."

आणि खरंच, ते कोकरू दुपारभर माझ्या पायाला बांधलेलं होतं. त्याने माझा रंग चाटला. इतकी वर्षं मी लोखंड आहे, पण त्या दुपारी मला कोणी लोखंड म्हटलं असतं तर मी भांडले असते. सुकन्या बापाबरोबर गेली. पुढे परीक्षा झाल्या, पास झाली, आज ती टेंभुर्णीला नोकरी करते.

मित्रांनो, पुढचं मी थोडक्यात सांगते. थोडक्यातच सांगता येतं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये साथ पुन्हा वाढली. मीनाबाईला ताप आला. ती दवाखान्यात चालत गेली. जाताना नऊ नंबरची खिडकी लावून गेली, धूळ येते म्हणून. ती परत आली नाही. हणमंतला तिचा चेहरा बघू दिला नाही. पंधरा दिवसांनी तो या खोलीत आला आणि माझ्यावर बसला. स्वतः मारलेला जुना टाका त्याने बोटाने चाचपला. मग फरशीवरचे डाग शोधत बसला. डाग नव्हते. तिने एकही ठेवला नव्हता.

लोक भेटायला आले. कोणीतरी दारात म्हणालं, "पोरीला ठेवून घेतली न्हसती तर आज बाई असती." हणमंत ताडकन उठला.

"पोरगी गेल्या जूनलाच गेली. ताप ह्या एप्रिलात आला. महिने मोजता येतात का न्हाय तुमाला? माझी बायको मेली, ती तापानं मेली. तिनं केलं ते चुकीचं हुतं, असं माझ्या दारात पुन्हा कुणी बोलायचं न्हाय."

ते लोक पुन्हा आले नाहीत. त्याचं काही अडलं नाही.

आता दर वर्षी प्रवेश सुरू झाले की नऊ नंबरच्या दाराबाहेर टेबल मांडतात. तिथे खोल्या वाटतात. हणमंत काम टाकून तिथे येऊन उभा राहतो. प्रत्येक मुलीला विचारतो, "बाळा, साथ आली, वसतिगृह बंद झालं, तर कुणाकडं जाणार? दार कोण उघडंल?" काही मुली हसतात. काही पटकन मावशीचं नाव सांगतात. काही गप्प होतात. मग तो आत येतो आणि माझ्या डोक्याकडच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला खडूने नाव लिहितो, नावापुढे ठिकाण लिहितो.

दोनदा रेक्टर मॅडमनी पत्रा पुसायला लावला. दोनदा त्याने पुन्हा लिहिलं. यंदा संगमेश चिडला.

"हणमंतमामा, हे तुमचं काम न्हवं."

"मग कुणाचं हाय, त्याचं नाव सांग. आत्ता घरी जातो."

पण त्या दिवशी हणमंतला खडूची अक्षरं दिसेनात, तेव्हा संगमेशच आत आला आणि त्याने चष्मा लावून ती वाचून दाखवली.

मित्रांनो, मला तेल लावू नका, रंग देऊ नका. वस्तूची काळजी घ्या असं सगळ्याच वस्तू सांगतात. मी ते सांगत नाही. कोणाला 'घरी जा' म्हणण्याआधी त्याचं घर कुठे आहे ते विचारा, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. साथी येतात. पुन्हा येतील. तेव्हा चार ओळींची नोटीस लिहायला कोणीतरी बसेलच.

यंदा पत्र्यावर अडतीस नावं आहेत. पस्तीस नावांपुढे ठिकाण लिहिलेलं आहे. तीन नावांपुढे काही लिहिलेलं नाही. त्या तिघी इथेच राहणार आहेत. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी कोरा कागद आणि पेन घेऊन नऊ नंबरमध्ये यावं. हणमंत आहे. मी आहे.