कंडक्टर मंजिरीच्या पानांत

मी एक जुनी वाचनखूण आहे. हसू नका, मित्रांनो! वाचता वाचता कुणी हाक मारली की पुस्तकात जी पट्टी ठेवतात ना, तीच मी. दिसायला बोटभर रुंद, एका टोकाला भोक आणि त्यात लाल लोकरीचा गोंडा. गोंडा आता विरळ झालाय, पण माझा तोरा अजून तोच आहे.

माझा जन्म बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या कागद मिलमधला. त्याआधी मी बांबू होते म्हणे. नीट आठवत नाही, पण दुपारी पानांमध्ये डुलकी लागली की वारा सळसळल्यासारखा वाटतो आणि आपण उंच उंच उभे आहोत असा भास होतो. मिलमध्ये काम करणाऱ्या मोतीरामभाऊंनी जाड कागदाची एक वाया गेलेली कड घरी आणली. त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, ती नीट कापली, गोंडा ओवला आणि मला थेट 'कंडक्टर मंजिरी'च्या पहिल्या भागात ठेवलं. माझं नशीबच उघडलं.

ही मंजिरी म्हणजे एसटीतली कंडक्टर. तिच्या बसमध्ये जिवंत माणसांबरोबर भुतंही चढतात आणि ती फक्त तिलाच दिसतात. पण बाई घाबरेल तर शपथ! "पुढे सरका, दारात उभं राहू नका," असं भुतालाही दटावते. पालीला मात्र जाम भिते. प्रत्येक भुताचं काहीतरी राहून गेलेलं असतं. कुणाचा खून झालेला, कुणावर खोटा आळ आलेला. मंजिरी त्याचा छडा लावते आणि त्या भुताला त्याच्या थांब्यावर उतरवते. मग घंटी वाजते आणि बस धुक्यात पुढे जाते. दर वर्षी नवा भाग यायचा, आणि त्या धुक्यात मी किती वर्षं राहिले ते मलाच ठाऊक.

कौशल्याबाई एकट्या कधी वाचत नसत. शेजारच्या मालूबाई दुपारचं आवरून यायच्या. त्या माहेरच्या फोपनार गावच्या, केळीच्या मळ्यात वाढलेल्या. त्यांना कुणी शाळेत घातलंच नाही. कौशल्याबाई मोठ्याने वाचायच्या आणि मालूबाई शेंगा सोलत ऐकायच्या. पंखा कुरकुरायचा, बाहेर ऊन पडून असायचं, आणि मला वाटायचं की हे घरच हळूहळू बस होऊन कुठेतरी निघालंय. खुनी ओळखायची मालूबाईंना भारी हौस.

"मी सांगते वं, तो ड्रायव्हरच असंल!"

दर भागात त्यांचा संशय ड्रायव्हरवर, आणि दर भागात तो बिचारा निर्दोष.

आणि त्यांचा दम कायमचा. "मले सोडून पुढचं पान वाचलं ना, तं तुह्या घरचं पाणीबी पिणार नाही मी." त्या कराराची राखणदार मी होते.

गेल्या वर्षी मालिकेचा शेवटचा भाग आला. भरल्या बसमध्ये एक म्हातारा मंजिरीकडे रोखून पाहतो आणि विचारतो, "बाई, सगळ्यांना तिकीट देता. तुमचं तिकीट कुठाय?" तिथेच प्रकरण संपलं.

"अगं माय वं! म्हणजे मंजिरीच भूत?" मालूबाईंच्या हातातली शेंग खाली पडली.

"उद्या वाचू," म्हणून कौशल्याबाईंनी मला तिथे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालूबाईंना लकवा झाला. दवाखान्यातून त्या घरी आल्या, पण उजवा हात लुळा पडलेला, तोंडून शब्द नाही, नजर कुठेतरी छताला. "बोलत राहा त्यांच्याशी," डॉक्टर म्हणाले, "पण किती समजतंय ते सांगता येत नाही."

कौशल्याबाईंची सून मनीषा म्हणाली, "आई, वाचून टाका ना तुम्ही. उन्हें क्या पता चलेगा?"

"तिला नाही गं कळणार. मला कळेल ना!" कौशल्याबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. पुस्तक फळीवर तसंच राहिलं.

आणि मग घात झाला. धूळ झटकताना मनीषाच्या हातून पुस्तक पडलं आणि मी बाहेर आले. तिने मला उचललं आणि हाताला लागेल त्या पानात खुपसलं. तेही पार पुढच्या प्रकरणात! मी आतल्या आत ओरडत होते, "अगं, इथे नाही!" पण कागदाचं कोण ऐकतं? माझं एकच काम होतं, जागा राखायचं, आणि तेच हुकलं.

त्याच दुपारी डॉक्टरांचं सांगणं आठवून कौशल्याबाई पुस्तक घेऊन मालूबाईंच्या खाटेपाशी बसल्या. मला बाजूला ठेवून वाचू लागल्या. त्यांचं लक्ष ओळींवर नव्हतंच, सगळं मैत्रिणीच्या चेहऱ्यावर. मालूबाई छताकडे पाहत होत्या. एक पान झालं, दुसरं झालं. कौशल्याबाई पुढे वाकल्या. "मालू, ऐकतेस ना गं?"

मालूबाईंचा डावा हात हलला. तो पुस्तकावर येऊन आपटला. ओठ वाकडे झाले, कपाळाला आठ्या पडल्या.

"ति... तिकीट."

"काय?"

"तिकीट... राह्यलं. मागं... जाय."

कौशल्याबाईंनी मागची पानं उलटून पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. मग त्या रडत रडत हसल्या. "अगं बाई, खरंच की! चुकले मी. भांड माझ्याशी, मालू. खूप भांड!"

त्या दिवसापासून रोज थोडं थोडं वाचन सुरू झालं. मालूबाई आता मोडकंतोडकं बोलतात. मंजिरीच्या तिकिटाचं काय झालं, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर मालूबाई मला चुलीत घालतील.

परवा शेवटचं पान उरलं. कौशल्याबाईंनी घसा साफ केला. तेवढ्यात मालूबाईंनी डाव्या हाताने मला उचललं आणि पानावर ठेवलं.

"आज नको."

"बरं. मग उद्या?"

"उद्या... बी... पाहू."

कौशल्याबाईंनी पुस्तक मिटलं.

म्हणून मित्रांनो, पुस्तकाची पानं दुमडू नका, ओल्या बोटांनी उलटू नका. आणि कुणाच्या पुस्तकात खूण दिसली, तर ती जिथे आहे तिथेच राहू द्या. आमच्या घरी आलात तर मला मुळीच हलवू नका, शेवटचं पान अजून बाकी आहे. कौशल्याबाई दारात उभ्या आहेत. मालूबाई काठी टेकत, आजारपणानंतर आज पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी आमच्याकडे यायला निघाल्या आहेत.