बाबांच्या वजनाची सीट

मी ट्रॅक्टरची सीट बोलतेय. दचकू नका! जन्मभर माणसांनी माझ्याकडे पाठच केली, त्यामुळे समोरासमोर बोलायची मला सवय नाही.

कारखान्यात माझ्या पोटात एक जाड स्प्रिंग बसवली. ढेकळांचे हादरे आपण सोसायचे, बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत, एवढंच माझं काम. माझ्या पुढच्या बाजूला एक काळा नॉब आहे. बसणारा वजनदार असेल तर तो आवळायचा, हलका असेल तर सैल करायचा.

माझा मालक म्हणजे भरलेलं पोतंच! पहिल्याच दिवशी त्यानं नॉब आवळला, दोनदा उसळून बघितलं आणि म्हणाला, "हां, आता जमलं!" खरंच जमलं आमचं. नांगरताना तो माझ्याशीच गप्पा मारायचा. दुसरं होतं कोण तिथं? मग एका हिवाळ्यात तो छातीच्या दुखण्यानं गेला.

ट्रॅक्टर लेकीनं हातात घेतला. पोर अगदी काडीपैलवान! तिच्या वजनानं माझी स्प्रिंग दबेचना. सगळे हादरे थेट तिच्या कमरेत. संध्याकाळी ती चाकाला धरून खाली उतरायची. आई करवादायची, "मेली ती सीट, फेकून दे एकदाची!" घ्या, चोर सोडून संन्याशाला फाशी.

एकदा मेकॅनिक आला. त्यानं वाकून बघितलं. "अगं ताई, ही अजून बाबांच्याच वजनावर आहे. नॉब सैल केला की झालं."

"माहितेय मला," ती म्हणाली. "हात लावू नका, काका. बाबांचं एवढंच जागेवर राहिलंय."

मेकॅनिकनं पाना पिशवीत टाकला. चहा घेऊन आलेल्या आईनंही ते ऐकलं. मला ओरडावंसं वाटलं, अगं वेडे, मलाही तुझा बाबा हवाय, पण तुझी कंबर मोडून नको!

परवा तिला खाली उतरताच येईना. दोघांनी उचलून घरात नेलं. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून हलायचं नाही म्हणून बजावलंय. मी छपराखाली एकटी पडले. वासरूसुद्धा इकडे फिरकत नाही.

आज आई आली. पदरानं माझ्यावरची धूळ पुसली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी नॉब फिरवायला लागली. घट्ट बसला होता. "अहो, रागावू नका," ती हळूच म्हणाली. "पोरीला जपायला हवं ना."

स्प्रिंग सैल झाली. इतकं रितं मला कधीच वाटलं नव्हतं.

पोरी, बरी झालीस की ये. चिडशील, रडशील, चालेल मला. पण नीट टेकून बस.