कोरड्या चोवीस सऱ्या

विहिरीत अकरा फूट पाणी. दीड एकर कपाशी, अठ्ठेचाळीस सऱ्या. शेतीच्या सर्टिफिकेट कोर्समध्ये शिकल्याप्रमाणे पाच दिवसांपूर्वी मी एक आड एक सरी भिजवायला लावली होती, म्हणून चोवीस ओल्या, चोवीस कोरड्या. कोरड्या भिजवल्या असत्या तर आणखी पाच फूट पाणी गेलं असतं. विहिरीची आवक बंद झाली होती आणि बोंडं भरायला अजून तीन आठवडे होते.

दुपारी एकला माझे काका, रोहिदास नाना, बांधावर आले.

"मयुरी, दख जरा. झाडेस्नी मान टाकी दिनी. पेटीनी चाबी दे."

विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची चावी माझ्याकडे होती. चारला लाईट जाणार होती आणि उद्यापासून तीन दिवस ती फक्त रात्रीच येणार होती.

"नाना, भर उन्हात मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडतं. खाली ओल असली तरी पानं झुकतात. संध्याकाळी बघू."

"आनि सांजले उठनात नही ते?"

"मग रात्री पाणी मी धरते."

"रातले? बिबट्या तुनं सर्टिफिकेट दखी का?"

शेजारच्या शेतातून भटूभाऊ ओरडला, "नाना, पुतनीनी शेतले उपास धराई दिना का?"

"तुले हासाले काय जास! तुनी इहीर भरेल शे," नाना म्हणाले, पण हात माझ्यापुढेच होता.

मी कुदळीनं फूटभर खणलं. माती मुठीत दाबली. गोळा झाला, पण बोट टोचताच त्याचे दोन तुकडे पडले. ओल होती, पुरेशी होती का, ते सांगता येईना. झाडं खरंच तहानलेली असतील तर तीन दिवसांत पात्या, म्हणजे फुलकळ्या, आणि कोवळी बोंडं गळून पडणार होती.

नानांनीही माती हातात घेतली, चुरली. चावीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला आणि ते बांधावरच बसून राहिले. साडेतीनला पानं तशीच होती. पावणेचारला मी चावी पुढे केली.

"आते कितला टाइम उरना?" ते म्हणाले. "ठेव तुनाजोडे."

चारला पेटीवरचा लाल दिवा विझला.

सव्वासहाला आम्ही दोघांनी मिळून पन्नास झाडं मोजली. सेहेचाळीस झाडांची पानं सरळ झाली होती, चार झाडांची नाही.