तो कोनाडा नव्हता

"ये किसने बंद किया?" म्हाताऱ्याने भिंतीवर तळहात ठेवून विचारलं.

गंधार खुशीत होता, त्यामुळे प्रश्न त्याच्या डोक्यातच शिरला नाही. कतारमधल्या अल रुवैसच्या अलीकडचं हे जुनं शेतघर वर्ल्ड कपच्या पाहुण्यांना दाखवायला म्हणून दुरुस्त होत होतं आणि साइट इंजिनीयर तोच. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर खारफुटीचे वासे, वाशांवर खजुराच्या चटया. सगळं होतं तसं उभं केलेलं. आज या घराचा जुना मालक खलील मुद्दाम बघायला आला होता.

"क्या बंद किया, बाबा?"

"इधर रास्ता था. आदमी का नहीं, कहवा का."

खलील खाली बसला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायला लागला. ही पाहुण्यांची खोली. हिचं दार परस्पर बाहेर. भिंतीपलीकडे चूल आणि बायकामाणसं. परक्या पुरुषांना घरातली बाई दिसू नये, म्हणून मधे दारच नाही, फक्त छातीच्या उंचीवर एक चौकोनी भोक. त्यातून कॉफीचे कप यायचे.

"मेहमान बैठा है, मैं ऐसा हाथ डालता. उधर से मेरी बीवी तय्यबा कप देती. कभी कभी कप नहीं, मेरा हाथ ही पकड़ती. छोड़ती नहीं! इधर सब मेहमान मेरे को देखता. मैं क्या बोलेगा?"

तो खो खो हसला. मग थांबला. "अब तय्यबा नहीं है."

मापं घेताना ते भोक गंधारला दिसलं होतं. कडा ढासळलेल्या. त्याच्या गावच्या घरात भिंतीत असा चौकोन म्हणजे कोनाडा. दिवा ठेवायचा, किल्ल्या ठेवायच्या. याची मागची बाजू पडलीय, असं त्याने बेधडक ठरवलं, ड्रॉइंगमध्ये तसं काढलं आणि नसरुद्दीन गवंड्याकडून पाठीमागून बुजवून घेतलं. वर त्यात एक पितळी कंदीलही ठेवला. सगळ्यांनी वाहवा केली होती.

तो बाहेर गेला आणि साहेबांना फोन लावला.

"वरुण सर, तो कोनाडा नव्हता. आरपार होतं ते."

"बरं मग?"

"उघडू का परत?"

"वेडा आहेस का रे? ड्रॉइंग पास झालंय, परवा हँडओव्हर. आता भोक पाडलंस तर सगळं अप्रूव्हल पहिल्यापासून. तुझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय ना? रिन्यू कोण करणार, तो म्हातारा?"

"पण चूक माझी आहे, सर."

"छान दिसतेय तुझी चूक. राहू दे. खलास."

आत आला तर खलील भिंतीचा आधार घेऊन उठत होता. "अच्छा बनाया," तो म्हणाला. "शुक्रन."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

अल वक्राच्या खोलीवर गंधारचे पार्टनर रोज संध्याकाळी कानात हेडफोन खुपसून आपापल्या बायकांशी बोलत पडायचे. याला बोलायला कुणी नव्हतं. कोरोनापासून ऑफिसातला शेकहँडही गेला होता. कुणी हात धरलाय आणि सोडतच नाहीये, हे नेमकं कसं वाटत असेल, त्याला आठवेना.

"बाबा, रुको." त्याने कंदील उचलून बाजूला ठेवला आणि छिन्नी-हातोडा घेतला.

"साब, नौकरी जाएगा," नसरुद्दीन दारातून म्हणाला.

"मेरा जाएगा. तू मत छूना."

गिलावा अजून कच्चाच होता. दगड सुटत गेले, पलीकडे धपाधप पडले. डोळ्यांत, तोंडात, सगळीकडे धूळ. भोक मोकळं झालं तसा त्याने फोटो काढला आणि स्वतःच वरुणला पाठवून दिला. मग खालचे दगड उचलायला, अख्ख्या घराला वळसा घालून, चुलीच्या बाजूला गेला.

तिथे काळोखी होती. खिशात फोन थरथरायला लागला. वरुणच असणार.

तेवढ्यात भोकातून हात आला. सुरकुतलेला, तळवा वर. हात तसाच थांबला. बोटं जराशी हलली, कडेवरची धूळ चाचपत राहिली.

गंधारने खिशातला फोन आवळून धरला आणि श्वास रोखला. इथे दुसरंच कुणी उभं आहे, हे त्या हाताला कळायला नको होतं.