नळ बंद झाल्यावर मी ऐकलेलं

मित्रांनो, माईक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सभेतला तो उंच, खरखर करणारा दांडगोबा येत असेल. मी तो नव्हे. मी एक जुना कॉलर माईक आहे. वाटाण्याएवढं डोकं, दोऱ्यासारखी वायर, तिच्या टोकाला आवाज दूरच्या हेडफोनपर्यंत पाठवणारी कमरेची डबी आणि कपड्याला धरून बसायला एक चिमटा, एवढाच माझा संसार. मला डोळे नाहीत. मी जग पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. तेही माणसांच्या छातीपाशी बसून. म्हणून तर माझा इतका गोंधळ झाला.

कारखान्यात एका बाईंनी भिंगाखाली धरून माझी वायर जोडली. काम करताना त्या गुणगुणत असत. तो मी ऐकलेला पहिला आवाज. तिथून मी टीव्हीसाठी माहितीपट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आलो. माझी देखभाल ध्वनिमुद्रकाकडे होती. दिवसभर हेडफोन लावून माझं ऐकणारा तोच एकटा. सगळे त्याला कानसेन म्हणायचे. मी पैलवानाच्या घामात भिजलो, प्राध्यापकांचा खोकला सोसला. एक मंत्री तर मला न काढताच स्वच्छतागृहात गेले, तेव्हा कानसेनने हेडफोन असा काही भिरकावला की विचारू नका! पण माझ्यावर त्याचा जीव होता. "लहान आहे, पण सोन्यासारखा आहे," म्हणत तो माझ्या डोक्यावर स्पंजची टोपी चढवायचा.

मग आम्ही त्या घरी गेलो. त्या घराची वर्तमानपत्रांत फार चर्चा होती. देवाने सगळ्या जगातून आपल्याच घराला निवडलं आहे आणि बाकीचे सगळे पापी आहेत, असं ते कुटुंब मानायचं. रोज सकाळी घरातले सगळे हातात फलक घेऊन इस्पितळाच्या फाटकाशी उभे राहायचे आणि आजाऱ्यांना त्यांची पापं ऐकवायचे. लोक त्यांच्यावर चिडायचे, दगडही मारायचे. आमच्या दिग्दर्शिकेला, म्हणजे ताईंना, या माणसांच्या मनात काय चालतं ते दाखवायचं होतं.

पहिल्या दिवशी मी आजोबांच्या सदऱ्यावर बसलो. ते घराचे प्रमुख. "भोगा! केलंत ते भोगा!" ते गर्जायचे आणि माझं डोकं दणाणायचं. जवळून कुणीतरी रडत गेलं. आजोबांचा आवाज जराही अडखळला नाही. घरी परतल्यावर मात्र तेच आजोबा म्हणाले, "अरे कानसेना, सकाळपासून पोटात काही आहे का? उपाशी काम करू नकोस, पित्त होतं." आवाज तोच, श्वासही तोच, आणि त्यातली काळजी अगदी खरी. मित्रांनो, मला वाटलं माझीच वायर कुठेतरी सैल झाली आहे.

दुसऱ्या दिवशी मला काकूंच्या पदराला लावलं. काकू आजोबांच्या सूनबाई. त्यांना दोन मुली. थोरलीने एके दिवशी इस्पितळापाशी फलक खाली ठेवला आणि घर सोडलं. त्या घरात एक नियम होता. जो जाईल त्याचं नाव काढायचं नाही. कुणी काढलंच, तर त्या माणसाशी घरातलं कुणीही बोलत नसे, आजोबा सांगेपर्यंत. याला ते 'गप्प करणं' म्हणत.

ताईंनी काकूंना विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"एकच. ही धाकटी," काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या. पण आत त्यांचं काळीज असं धडधडलं की कानसेनने मला पुन्हा नीट लावलं. त्याला वाटलं, मी पदरावर घासतोय.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. मला काढायचं राहूनच गेलं. काकू भांडी घासत होत्या. सकाळीच कानसेनने त्यांना सांगितलं होतं, "काकू, नळ चालू असला की काही ऐकू येत नाही हं." आता त्यांनी नळ बंद केला. स्वयंपाकघर शांत झालं. मग माझ्या अगदी जवळ, पुटपुटल्यासारखं त्या आपल्या निघून गेलेल्या लेकीशी बोलल्या.

"चिमे, पायात मोजे घालत जा गं. फरशी गार असते. तुला लगेच सर्दी होते."

आणि नळ पुन्हा चालू झाला.

कानसेन तेव्हा बाहेर गाडीत जेवत होता, हे त्यानेच नंतर सांगितलं. हेडफोन त्याच्या कानांवरच होता, मुद्रणही चालू होतं. त्याचा घास तोंडातच राहिला.

कंपनीत परतल्यावर खोलीचं दार लावून भांडण झालं.

"हे टाकायचंच," ताई म्हणाल्या. "याच्याशिवाय आपल्याकडे आहे काय? फलक आणि आरडाओरडा!"

"आणि हे टीव्हीवर लागलं की काकूंना गप्प करतील त्याचं काय?" कानसेन म्हणाला. "धाकटीसुद्धा आईशी बोलणार नाही."

"आणि थोरलीचं काय रे? ती समजून चालली असेल की आई आपल्याला विसरली. तिने ऐकायला नको?"

"काकूंना माहीत नव्हतं, माईक चालू आहे ते."

"मग नळ का बंद केला?"

मी टेबलावर पडून दोघांचं ऐकत होतो. ताई बोलल्या की त्यांचं पटायचं, कानसेन बोलला की त्याचं. मला माणसांसारखं एका बाजूला बसताच येईना.

शेवटी काकूंनाच विचारायचं ठरलं. पुन्हा त्या घरी गेलो. मला पदराला लावताना कानसेन हळूच म्हणाला, "काकू, नळ बंद केल्यावर तुम्ही बोललात ते माझ्या कानावर आलंय. ठेवू की पुसू?"

काकूंचा श्वास थांबला. तेवढ्यात आजोबांच्या चपला वाजल्या. "काय कुजबुज चाललीय?"

"काही नाही मामंजी. यांचा चिमटा नीट बसत नाहीये," काकू म्हणाल्या. दिवसभर आजोबा तिथून हलले नाहीत. उत्तर मिळालंच नाही.

मग ताईंनी थोरलीला शोधून काढलं. दूरच्या गावी ती एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करत होती. "मला तुमच्या त्या फिल्ममध्ये यायचं नाही," तिने आधीच बजावलं. कानसेनने "एवढं ऐक" म्हणून हेडफोन पुढे केला.

ती ऐकत होती. इस्त्रीचा चर्रकन आवाज आला आणि मग कुणीतरी घाईघाईने ती उचलून ठेवली.

"एवढी काळजी होती, तर मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली का नाही?" ती संतापून म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "परत लावा." मग पुन्हा एकदा, "परत."

"फिल्ममध्ये ठेवायचं का?" ताईंनी विचारलं. त्यांचा आवाज मी इतका हळू कधीच ऐकला नव्हता.

"नको." थोरलीने नाक ओढलं. "मला केलं होतं गप्प. लहान होते तेव्हा. भिंतीशी बोलायला लागतात हो माणसं. तिचं तसं नको व्हायला."

ताईंनी लांब श्वास सोडला. "नाही ठेवत," त्या म्हणाल्या.

मग थोरलीने मला चिमटीत उचललं आणि तोंडापाशी धरलं. "यात मी बोलले तर तिला ऐकू जाईल?"

"नाही गं," कानसेन म्हणाला. "हा नुसता ऐकतो."

तरीही तिने मला खाली ठेवलं नाही. तिचा नुसता गरम श्वास कितीतरी वेळ माझ्या डोक्यावर येत राहिला.

माहितीपट लागला. लोकांनी आजोबांना शिव्या दिल्या, ताईंना शाबासकी दिली. काकूंशी घरातले अजून बोलतात. पण आपला आवाज लेकीपर्यंत पोचला, हे त्यांना कोण सांगणार? आता नवे, बिनवायरचे माईक आले आणि मी खणात पडून आहे. वायर दुमडली आहे, टोपीला भोक पडलं आहे. आम्ही बरं केलं की वाईट, याचा उलगडा मला अजून होत नाही.

एवढं मात्र मागतो. मित्रांनो, माझ्यासारखा कुणी हाती लागला तर त्याला टकटक करू नका, फुंकर मारू नका. आमचं डोकं दुखतं. आणि तुमच्या घरात कुणी हळू आवाजात बोललं, तर दुसऱ्या खोलीतून "काय?" म्हणून ओरडू नका. उठा आणि जवळ जा. मला पाय नाहीत आणि तोंडही नाही. तुम्हाला दोन्ही आहेत.