सात वाजताचं रीडिंग

त्या आठवड्यात रेडिओवर रोज तेच सांगत होते. सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर हवामान अस्थिर राहील, मधूनच ऊन, मधूनच पाऊस, काही ठिकाणी बर्फाचा भुगा, वारा दिशा बदलत राहील. "आम्हाला काही कळत नाही, हे सभ्यपणे सांगायची रीत आहे ही," असं बाबा म्हणायचे. बाबांना जाऊन वीस दिवस झाले होते. चिंगी त्यांची कपाटं आवरायला रजा काढून आली होती.

चाळिशी उलटली, शहरातल्या छापखान्यात प्रुफं तपासता तपासता चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी घरात ती चिंगीच होती. आल्यावर पहिल्याच सकाळी ती चहाचा कप घेऊन पॅसेजमध्ये आली, तर आई फोनवर होती. पाठ ताठ, आणि आवाज वर्गात उभं राहून धडा वाचावा तसा.

"तापमान एक पूर्णांक दोन. वायुभार एक हजार चार. पाऊस तीन मिलिमीटर. पाण्याची पट्टी दोन मीटर एकतीस. वारा पश्चिमेचा. हो, मी बरी आहे. ठेवते."

हे बाबांचं काम. नोकरी त्यांची पोस्टातली, पण एकतीस वर्षं रोज सकाळी सात वाजता ते मागच्या अंगणात जायचे. तिथल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतलं तापमान, पावसाचं भांडं, अंगण जिथं तळ्याला टेकतं तिथली पाण्याची पट्टी, आणि परत येताना पॅसेजमधल्या बॅरोमीटरवरचा वायुभार, एवढं पाहून ते हवामान कचेरीला कळवायचे. पगार नाही, मानधन नाही. त्या आकड्यांवर कचेरी उत्तर किनाऱ्याचा अंदाज बांधायची आणि त्या अंदाजावर बोटी सुटायच्या. एकतीस वर्षांत एक खाडा नाही. चिंगीच्या लग्नादिवशीसुद्धा नवरीच्या बापाला शोधायला माणूस पाठवावा लागला होता, तेव्हा तो पेटीसमोर उभा सापडला.

चिंगीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. पहाटे बर्फ भुरभुरून गेला होता. दारापासून पेटीपर्यंत अंगण कोरं होतं. मांजराचंसुद्धा पाऊल उमटलेलं नव्हतं.

"आई, तू बाहेर कधी जाऊन आलीस?"

"कुठे?"

"रीडिंग घ्यायला."

"या गारठ्यात मी कशाला जातेय मरायला!" आईनं फोनशेजारची निळ्या पुठ्ठ्याची वही मिटली. "ह्यांनी लिहून ठेवलंय सगळं."

चिंगीनं वही उघडली. अक्षर बाबांचं होतं, पोस्टातल्या शाईसारखं घट्ट, प्रत्येक सातची मान मोडलेली. पहिली तारीख ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. खाली एकेक दिवस, एकेक ओळ, थेट येत्या शुक्रवारपर्यंत. एकूण तेवीस ओळी.

"रीडिंग घेऊन आले की पडल्या पडल्या लिहीत असायचे," आई म्हणाली. "मला वाटलं, जुनं काहीतरी उतरवून काढतायत. मग एक दिवस म्हणाले, मी नसलो की यातलं रोज एकेक सांगायचं. खाडा पडू देऊ नकोस."

"अगं पण हे खोटं आहे!"

"कचेरीतून एकदा तरी चूक काढली का कुणी? नाही काढली."

"या आकड्यांवर काका बोट काढतो, आई."

"मग काढू दे की. सख्ख्या भावाच्याच आकड्यांवर काढतोय. परक्याच्या नाही."

बाबांनी अर्धा अंशसुद्धा कधी अंदाजानं लिहिला नव्हता. कालची ओळ दिसू नये म्हणून ते वहीवर पोस्टकार्ड ठेवून मगच आजचा आकडा लिहायचे. आकडा आधी कळला की डोळा तोच वाचतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि प्रूफ तपासणाऱ्या मुलीला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती बाबांचे गमबूट चढवून बाहेर गेली. पारा एक पूर्णांक दोनवर होता. भांड्यात तीन मिलिमीटर पाणी, पट्टीवर दोन मीटर एकतीस. आपण आकडे आधी ऐकले होते, तिनं स्वतःला बजावलं. ऐकलं तेच दिसलं.

बुधवारी स्वतः रीडिंग घेईपर्यंत तिनं आईला तोंड उघडू दिलं नाही. ऊन पडलं होतं, छपरावरून पागोळ्या गळत होत्या. पारा सहा पूर्णांक आठ. तिनं तो चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी खिशात घातली, आणि पॅसेजमध्ये येऊन वही उघडली. सहा पूर्णांक आठ. गुरुवारी गारा पडल्या आणि पारा शून्याखाली घसरला. चार दशांशानं. वहीतही तेवढाच. त्या दिवशी आई फोनवर बोलत असताना चिंगी शेजारी उभी राहून चिठ्ठीवरून बोट फिरवत होती. एकाही आकड्याला तिला आईला अडवता आलं नाही.

दुपारी काका आला. तळ्यावरचा बर्फ फुटला होता आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्याची मोसमातली पहिली बोट पलीकडच्या किनाऱ्याला जायची होती.

"काय प्रूफवाल्या बाई, आमच्या घरातल्या चुका काढून झाल्या का?"

"तुझ्यापाशी आले की संपतच नाहीत, काका."

"हां, हे दादाचं तोंड!" तो बूट काढत हसला, आणि मग हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच थोडा वेळ राहून गेलं. "चौदा जणं आहेत उद्या. हिवाळाभर अडकलेली. कचेरी म्हणते, सकाळ शांत आहे, खुशाल जा. आणि वहिनी, तुमची तर कमाल आहे. या थंडीत उठून तुम्ही रीडिंग घेता, दादानं पाहायला हवं होतं."

"चहात साखर कमी आहे का बघा," आई म्हणाली.

चिंगीनं बोलायला हवं होतं. तिनं काकाच्या कपात साखर घातली. आकडे बरोबर होते, आणि बरोबर आकड्यांना चूक कसं म्हणायचं?

शुक्रवारी पान हलत नव्हतं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, पारा सात पूर्णांक एक. ती आत आली आणि बॅरोमीटरसमोर थबकली. काटा नऊशे एक्याण्णववर होता; इतका तो वादळाआधीच उतरायचा. तिनं काचेवर बोटानं टिचकी मारली. काटा थरथरला आणि आणखी दोन घरं खाली उतरला.

तिनं वही उघडली. तापमान सात पूर्णांक एक. वायुभार एक हजार बारा. वारा नाही. खाली रेघ मारलेली, ओळी संपलेल्या.

आईनं रिसीव्हर उचलला होता. चिंगीनं फोनच्या खटक्यावर बोट दाबलं.

"आज मी बोलते."

"चिंगे, हात काढ."

"आई, काटा बघ तरी एकदा."

"काट्याला काय कळतंय!" आई ओरडली.

कचेरीतले गृहस्थ बाबांशी वीस वर्षं रोज सकाळी बोलले होते. भेटले कधीच नव्हते. चिंगीनं त्यांना वहीचं सगळं सांगितलं.

"बाई, आम्ही सगळी रीडिंगं शेजारच्या केंद्रांशी ताडून बघतो," ते म्हणाले. "तुमच्याकडचं एकही वावगं नव्हतं. पण आता मला ते बावीस दिवस खोडावे लागणार."

"खोडा. आणि आजचं घ्या. नऊशे एकोणनव्वद."

"ते नाही घेता यायचं. बाकीच्या पाचही केंद्रांवर एक हजार बारा आहे. तुमचा काटा अडकला असेल. अंदाज आहे तोच राहील." मग आवाज जरा उतरला. "उद्यापासून तुम्ही घ्या रीडिंग. पण बघून."

तिनं फोन ठेवला. आई भिंतीला टेकून उभी होती.

"झालं समाधान? तुझे बाबा त्या दिवशी नव्हते गेले," आई म्हणाली. "आज गेले."

ती वळून स्वयंपाकघरात गेली.

धक्क्यापर्यंतचा रस्ता चिंगीनं वही काखेत मारून जवळजवळ पळत काढला. घरांच्या धुराड्यांतून धूर सरळ वर चालला होता. तळं थाळीत पाणी ओतून ठेवावं तसं होतं. बोटीत माणसं बसली होती, मांडीवर गाठोडी, पिंजऱ्यात कोंबड्या. काका दोर सोडत होता.

"काका, बोट नको काढूस."

"का गं? स्वप्न पडलं?"

तिनं सांगितलं. हळू सांगायचं ठरवलं होतं, पण आवाज पाण्यावरून सगळीकडे पोचला. बाबांनी आकडे मनानं लिहिले. आई ते सांगत होती. आजचा अंदाज त्यांच्यावर बांधलाय, आणि आज ते चुकीचे आहेत, घरातला काटा वादळ सांगतोय. काकाचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा.

"दादा खोटं लिहील? लाज नाही वाटत? बाप जाऊन महिना नाही झाला!"

तिनं वही उघडून पुढे धरली. काकानं ते अक्षर पाहिलं, सातच्या मोडलेल्या माना पाहिल्या, वरच्या तारखा पाहिल्या. पान उलटायला गेला तर ते त्याच्या बोटांतून दोनदा निसटलं. मग त्यानं आपल्या हातांकडेच पाहिलं.

"उतरा सगळे," तो म्हणाला. "माझा तिच्यावर विश्वास बसलाय म्हणून नव्हे. पण हे हात घेऊन मी सुकाणू धरणार नाही."

"आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि यांची घरची भांडणं!" कोंबड्यांवाली बाई पिंजरा उचलत म्हणाली. "पुढच्या वेळी मी पोहतच जाईन."

पण परत घरी कोणी गेलं नाही. सगळे धक्क्यावरच बसून राहिले, जणू थोड्या वेळानं निघायचंच होतं. पावणेदहाच्या सुमारास कोंबड्या एकदम गप्प झाल्या. मग पाण्याच्या अगदी मध्यावर, पश्चिमेकडून पूर्वेकडे, एक पांढरी रेघ पळत गेली. रेघ जाड झाली, उंच झाली. काकानं दुर्बीण डोळ्यांना लावली.

"पाणी उभं राहिलंय," तो म्हणाला.

आवाज मात्र काहीच आला नाही. धक्क्यावर एकीच्याही डोक्यावरचा रुमाल हलला नाही. दहा मिनिटं ती पांढरी भिंत तिथं उकळत राहिली आणि मग, दिवा मालवावा तशी, नाहीशी झाली. तळं पुन्हा थाळीसारखं.

काकानं घड्याळ पाहिलं. "आत्ता आम्ही तिथंच असतो," तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. त्यानं वही कोटाच्या आत घातली आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. "वहिनींना सांग, ही माझ्याकडे राहील. घरात नको."

चिंगी परतली तेव्हा पॅसेजमधला काटा एक हजार बारावर होता. तिनं टिचकी मारून पाहिली. हलला नाही.

शनिवारी सातला ती कोरा कागद घेऊन अंगणात गेली. कालपासून घरात शब्द नव्हता. आईनं ताटसुद्धा न बोलता समोर ठेवलं होतं. पेटीच्या दाराला हात लावला, तेवढ्यात मागे स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"साडेतीन," आई म्हणाली.

चिंगी वळली. आई कप पुसत उभी होती. तिची नजर चिंगीकडे नव्हती, पेटीकडेही नव्हती. ती नुसती तळ्याकडे बघत होती.

"काय साडेतीन?"

"तापमान. वारा ईशान्येचा, हलका. वायुभार एक हजार नऊ."

"कुणी सांगितलं तुला? वही तर काकाकडे आहे."

"आटप लवकर. सात वाजून गेले. खाडा पडेल."

चिंगी पेटीकडे पाठ करून उभी राहिली. तो आकडा डोक्यातून जाईपर्यंत थांबायचं तिनं ठरवलं. मनात दुसरे आकडे म्हटले, अकरा, दोन, सहा पूर्णांक चार, पाटी पुसावी तसे एकावर एक फिरवले. उजव्या गालाला हलका वारा लागत होता. कुठल्या दिशेचा, ते तिनं मुद्दाम पाहिलं नाही.

मग तिनं दार उघडलं. पारा साडेतीनवर होता. ती मिनिटभर थांबली, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. साडेतीन. तिनं लिहिलं, कारण दिसलं तेच लिहायचं होतं. पण ते आपण पाहिलं की ऐकलं, हे तिला सांगता आलं नसतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या तिला पहिल्यांदाच कागदावरच्या अक्षरावर, स्वतःच्या अक्षरावर, बोट ठेवता येईना.

आत आली तर आईनं नंबर फिरवून रिसीव्हर तिच्यासाठी धरून ठेवला होता. चिंगीनं येताना बॅरोमीटर पाहिला होता, एक हजार नऊ. तिनं तोही आकडा सांगितला, एकेक करून सगळे सांगितले.

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला.

"जुळतंय," ते गृहस्थ म्हणाले. "आज सगळं जुळतंय, बाई."